पाटी क्रमांक सतरा

माग दारातून आत जाईना.
चार फुटी सागवानी दार, वर रंगीत काचेचा मोर,
आणि माग सात फुटांचा.
सुटा करून न्यावा, तर जोडणारा फिटर इंदुरात उरलेला नाही.
शेवटी शेठाणीच्या शृंगारखोलीची भिंत पाडली.
क्रेनवाल्या पोरानं विचारलं,
ह्या घरात कापडाचं यंत्र कधी आलंच नव्हतं का?
नव्हतं.
कापडाचे पैसे यायचे.
त्यांना हे दार पुरलं.

माझं काम पाट्या लिहिण्याचं.
दर वस्तूला चाळीस शब्द, हिंदीत आणि इंग्रजीत.
मराठी मी परदेशीपुऱ्याहून येताना
स्कूटरच्या डिकीत, डब्याशेजारी आणते
आणि तशीच परत नेते.

पाटी तीन: इटलीची फरशी.
पाटी नऊ: न्हाणीघरातला टब, पाय सिंहाचे.
पाटी बारा: हजेरीबुक, सन एकसष्ट.
एका पानावर बत्तीस अंगठे, त्यातले सहा बायकांचे.
दोन वर्षांनंतरच्या बुकात बाई एकही नाही.
कारण लिहा, म्हणाले, थोडक्यात.
लिहिलं: नवी यंत्रं आली.
पाळणाघराचा खर्च वाचला, हे लिहिलं असतं
तर शब्द बेचाळीस झाले असते.

सतरावी पाटी मागाची.
तिच्यासाठी मोतीराम पौनीकरांना रिक्षानं आणलं.
वय एक्याऐंशी. साचेखात्यात बत्तीस वर्षं,
निम्मी रातपाळी.
थकलेल्या देण्याच्या कोर्टातल्या तारखा तोंडपाठ,
नातवंडांचे वाढदिवस विचारू नयेत.

पायरीवरच चपला काढल्या.
काका, राहू द्या, आता हे म्युझियम आहे, मी म्हटलं.
ते म्हणाले, कोठीसाठी नाही काढल्या.
आणि पडलेल्या भिंतीतून
मागाकडे बघत राहिले.

क्युरेटरबाईंनी पांढरे हातमोजे दिले.
घातले त्यांनी, एकेक बोट नीट ओढून,
लग्नात पाहुण्यानं फेटा बांधून घ्यावा तसे.
मग धोटा उचलला
आणि कुणी नको म्हणायच्या आत ओठांना लावून
भोकातून श्वास ओढला.
आत सूत नव्हतं.
तरी त्यांनी जिभेवरून काहीतरी
बोटानं बाजूला केलं.

बटण दाबलं. दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं
माग असा रिकामाच चालणार आहे, पाहुण्यांसाठी.
आवाज बरोबर आहे ना? बाईंनी ओरडून विचारलं.
ते म्हणाले, एक साचा म्हणजे आवाज.
तीनशे साचे म्हणजे शांतता.
तिच्यात आम्ही गप्पा मारायचो.

आणि पलीकडे जाऊन, मागाच्या त्या अंगाला,
माझ्याकडे बघून ओठ हलवू लागले.
सगळ्यांनी मोबाइल वर केले.
बाई माझ्या कानाशी: काय म्हणतायत? लिहून घ्या, लिहून घ्या.
मला येतं ते वाचायला.
माझे वडील त्याच खात्यातले. आमच्या घरात जेवताना
भाजी वाढ, मीठ कमी आहे, पोरगी नापास झाली,
सगळं बिनआवाजाचं असायचं.
काका म्हणत होते:
सहाला नळ येतो, पोरी. रिक्षा बोलव.

मी वहीत लिहिलं: आठवणींनी गहिवरले.
मग खोडलं.

पाटणीपुऱ्याच्या चौकात रिक्षा अडकली.
भिंत परत बांधणार का?
नाही, काच लावणार आहेत, काका. मोठी.
रस्त्यावरून माग दिसेल.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
हातमोजे अजून हातातच होते,
परत द्यायचे दोघंही विसरलो होतो.
उतरताना म्हणाले,
काच रोज पुसायला सांग त्यांना.
रुई बसते.